लेखकांच्या बातम्या छापता, पुस्तकांबद्दलही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीची मी जुनी वाचक आहे आणि आज एक मागणी घेऊन लिहितेय. आपल्या शेजारच्या भाषांत आणि शेजारच्या देशांत, म्हणजे कन्नड, तमिळ, उर्दू, हिंदी, नेपाळी, आणि तिकडं श्रीलंका, पाकिस्तान, बांगलादेशात, आत्ता आपल्या डोळ्यांदेखत ज्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या जातायत त्यांना पुरवणीत कायमची जागा द्या. महिन्यातनं एकदा अर्धं पान दिलं तरी चालेल, पण ठरलेलं असू द्या. बक्षीस मिळालं की एकदा आणि वाद झाला की एकदा, असं नको.

असं का म्हणतेय ते सांगते. २० मे २०२५ ला बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला इंटरनॅशनल बुकर मिळालं, बातमी ठळक आली, खूप आनंद झाला. बातमीत काय होतं तर लंडन, ५० हजार पौंड, कन्नडला पहिल्यांदाच, कथासंग्रहाला पहिल्यांदाच. मग सप्टेंबरातल्या म्हैसूरच्या दसऱ्याचं उद्घाटन त्यांच्या हस्ते करायचं ठरलं, त्यावरनं वाद पेटला, प्रकरण कोर्टात गेलं, परत रोज बातम्या. पण त्या पुस्तकातल्या बारा कथांत आहे तरी काय, हे मराठीत नीट सांगणारं मला तरी फारसं काही वाचायला मिळालं नाही. म्हणजे बाईंचं नाव सगळ्यांना पाठ झालं, त्यांची मेहरुन कुणालाच माहीत नाही.

ही मेहरुन म्हणजे त्या संग्रहाच्या नावाच्या कथेतली बाई. नवरा दुसरीच्या नादी लागलाय म्हणून ती तान्हं लेकरू घेऊन माहेरी येते. भाऊ बसवून घेतात आणि म्हणतात काय, तर तुला घराण्याच्या अब्रूची चाड असती तर जाळून घेऊन मेली असतीस. आणि तिला परत नेऊन सासरी सोडतात. रात्री ती खरंच रॉकेल अंगावर ओतून घेते, आणि तिची मोठी मुलगी सलमा धाकट्या बाळाला घेऊन धावत येते आणि तिला थांबवते. मला सांगा, यात कुठलं वाक्य आपल्याकडच्या बाईला नवीन आहे? 'दिल्या घरी सुखी राहा' ऐकत मोठ्या झालेल्या आपण सगळ्या. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण ओसरीवर बसलेले ते भाऊ अगदी ओळखीचे. दुसऱ्या एका कथेत इफ्तिखार नावाचा नवरा आहे, बायकोवर इतकं प्रेम की मी बादशहा असतो तर तुझ्यासाठी ताजमहालापेक्षा मोठा महाल बांधला असता म्हणतो. बाळंतपणानंतर शाइस्ता मरते आणि फार दिवस जात नाहीत तोवर घरात नवी कोवळी पोरगी नवरी होऊन आलेली असते. त्या घरातली थोरली मुलगी आसिफा, जिनं भावंडांना सांभाळायला शाळा सोडली, ती मला महालापेक्षा जास्त आठवत राहिली. बानू मुश्ताक हासनमध्ये वकिली करतात, कोर्टात बायका काय काय घेऊन येतात ते त्यांनी जवळनं बघितलंय आणि ते कथांमध्ये जाणवतं. कर्नाटकातल्या बंडाय चळवळीतनं त्या आल्या, म्हणजे आपल्याकडं दलित साहित्य जोरात होतं साधारण त्याच काळातली तिकडची चळवळ. इतकं जवळचं सगळं.

मी सोलापूरची. आमच्या गल्लीत अर्धे लोक घरात कन्नड बोलतात, उरलेल्यांपैकी बरेच तेलुगू, बाजारात गेलं की दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. मी स्वतः कन्नड बोलते, वाचता येत नाही, आणि माझ्यासारखे इथं हजारो आहेत. आमच्यापासनं विजापूर शंभर किलोमीटर आणि पुणं अडीचशे. तरी आमच्यापर्यंत कन्नड कथा आली ती लंडनहून, इंग्रजीतनं. दीपा भास्ती यांनी इंग्रजी अनुवाद सुंदर केलाय, मूळचे शब्द तसेच ठेवलेत, ते तिरप्या टायपात टाकून परके केले नाहीत, खाली तळटीपा लावल्या नाहीत, त्याबद्दल मला त्यांचं कौतुकच आहे. पण अक्कलकोटच्या बाईनं हासनच्या बाईची गोष्ट वाचायला इंग्रजी यायला हवं, ही परिस्थिती मला पटत नाही.

हिंदीचं तर आणखीनच. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' २०१८ ला आली, देवनागरीतच, आपल्याला कुणाच्या मदतीशिवाय वाचता येईल अशी. नवरा गेल्यावर भिंतीकडं तोंड करून पडलेली ऐंशी वर्षांची म्हातारी उठते आणि सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते, अशी कादंबरी. डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ ला इंटरनॅशनल बुकर मिळालं तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं. चार वर्षं ती तिथंच होती की. कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं पुरवणीचं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही म्हणाल मराठी वाचकाला यात इंटरेस्ट आहे का. आहे. आमचा एक छोटा वाचनगट आहे, वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातनं एकदा जमतो, निवृत्त मास्तर आहेत, दोन-तीन गृहिणी, एक मेडिकलवाले, कॉलेजची पोरं येऊन-जाऊन. ज्यांना इंग्रजी जमतं ते वाचून येतात आणि बाकीच्यांना मराठीत सगळी गोष्ट सांगतात, अगदी प्रसंगासकट. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांची 'पूक्कुळी', इंग्रजीत 'पायर', आम्ही अशीच केली. गोष्ट साधी. सोड्याच्या दुकानात काम करणारा कुमारेसन प्रेम करून लग्न करतो आणि सरोजाला आपल्या गावी घेऊन येतो. गाव बघतं, रंग बघतं, आणि एकच विचारतं, कुठल्या जातीची? सासू उठता-बसता शिव्याशाप देते, रडगाणं गाते. पोरगी त्या झोपडीत एकटी. आमच्या गटात चर्चा सुरू झाली ती अशी की सरोजा असेल कुठल्या जातीची, एकानं एक अंदाज केला, दुसऱ्यानं दुसरा, पुस्तक चाळून बघायला लागले, आणि मग लक्षात आलं की लेखकानं अख्ख्या कादंबरीत तिची जात कुठंच लिहिलेली नाही. खोली एकदम गप्प झाली. गाव जे विचारत होतं तेच आम्ही पण विचारत बसलो होतो. मेडिकलवाले म्हणाले हे तर आपल्याकडचं 'सैराट', आणि मग कॉलेजची एक मुलगी म्हणाली नाही काका, सैराटमध्ये निदान ती दोघं पळून शहरात जाऊन चार दिवस संसार तरी करतात, इथं तो तिला घेऊन सरळ गावातच येतो, आई मानेल म्हणून. या वाक्यावर अर्धा तास वाद झाला. असा वाद मी कुठल्याही साहित्य संमेलनाच्या मंडपात ऐकलेला नाही.

याच मुरुगन यांची मराठी पेपरांत ओळख काय, तर वादग्रस्त लेखक. 'माधोरुबागन' तमिळमध्ये २०१० ला आली, मूल होत नाही म्हणून गावाची बोलणी खाणाऱ्या काली आणि पोन्ना या जोडप्याची गोष्ट, आणि चार वर्षांनी २०१४ च्या डिसेंबरात तिरुचेंगोडला तिच्याविरुद्ध आंदोलन उभं राहिलं. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी फेसबुकवर लिहिलं की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला. जुलै २०१६ ला मद्रास हायकोर्टानं निकाल दिला आणि त्यांनी परत लिहावं असं सांगितलं. हे सगळं छापून आलं आणि यायलाच हवं होतं, ती लढाई आपल्या सगळ्यांची होती. पण काली आणि पोन्ना एकमेकांवर किती जीव लावतात, गाव टोचत राहतं आणि तरी तो दुसरं लग्न करायला तयार होत नाही, ते वाचलं की कळतं त्या पुस्तकात दुखावणारं काही असेल तर ते त्या दोघांचं दुःख आहे. हे वाचकाला कधी कळणार, कुणीतरी पुस्तकाबद्दल लिहिलं तर ना.

मुंबईचं एक उदाहरण देते, कारण ते तर आपल्या घरातलंच आहे. जयंत कायकिणी मूळचे गोकर्णचे, नोकरीनिमित्त कित्येक वर्षं मुंबईत राहिले, आणि मुंबईवर कथा लिहिल्या त्या कन्नडमध्ये. त्यांच्या एका कथेचं नावच आहे दगडू परबचा अश्वमेध! वरातीत घोड्यावर बसलेला नवरदेव, आणि घोडा उधळतो. दुसऱ्या एका कथेत ऑपेरा हाऊस थेटरात झाडू मारणारा पोरगा आहे, सिनेमा सुटल्यावर खुर्च्यांखाली लोकांचं काय काय राहिलेलं त्याला सापडतं. आणखी एकीत लग्नपत्रिका छापायला निघालेली दोन पोरकी पोरं, पोपट आणि आसावरी लोखंडे, पत्रिकेत आडनाव काय घालायचं इथं अडतात. तेजस्विनी निरंजना यांनी यातल्या निवडक कथा 'नो प्रेझेंट्स प्लीज' नावानं इंग्रजीत आणल्या आणि त्या पुस्तकाला २०१८ चं दक्षिण आशियाई साहित्याचं डीएससी पारितोषिक मिळालं, अनुवादित पुस्तकाला ते पहिल्यांदाच मिळालं. परब, लोखंडे, चाळी, लोकल, इराण्याची हॉटेलं, सगळं आपलं, आणि दादर-परळच्या किती वाचकांना हे पुस्तक माहीत असेल? मुंबई कुणाची यावर आपण इतकं बोलतो, मग मुंबईवर इतक्या मायेनं लिहिणारा कन्नड लेखक आपल्या पुरवणीत का नसावा.

आता समुद्रापलीकडं. श्रीलंका म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, नाहीतर राजीव गांधींची हत्या. व्ही. व्ही. गणेशानंतन यांची 'ब्रदरलेस नाइट' ही कादंबरी, २०२४ चं विमेन्स प्राइझ मिळालेली, मी वाचली आणि बरेच दिवस दुसरं पुस्तक हातात घेतलं नाही. सुरुवात १९८१ च्या जाफन्यात. डॉक्टर व्हायचं स्वप्न बघणारी सोळा वर्षांची सशी, उकळतं पाणी अंगावर सांडून भाजते, आणि शेजारचा हुशार पोरगा धावत येऊन भाजल्या जागी अंडी फोडून ओततो. हाच पोरगा पुढं तमिळ वाघांमध्ये, म्हणजे एलटीटीई या लढाऊ संघटनेत जातो. सशीचा मोठा भाऊ ८३ च्या जुलैमधल्या कोलंबोच्या दंगलीत मारला जातो, मधले दोघं संघटनेत जातात, आणि ती मेडिकलला शिकता शिकता जखमींवर उपचार करत राहते, पण संघटना आपल्याच लोकांना मारते तेही तिला दिसत राहतं. जाफन्याचं सार्वजनिक वाचनालय जाळलं गेलं तेही त्यात आहे, ते तर घडलेलंच आहे, ३१ मे १९८१ ची रात्र, ९७ हजारांच्या आसपास पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. वाचनालयात बसूनच आम्ही हे बोलत होतो, आजूबाजूला कपाटं, त्यामुळं ते जरा जास्तच लागलं.

आणि त्या कादंबरीत आपली शांतिसेना येते. १९८७ ते ९० आपलं सैन्य तिथं होतं, सुमारे बाराशे जवान गेले. महाराष्ट्राचा यात थेट संबंध आहे, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, तिथंच २५ नोव्हेंबर १९८७ ला धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. आपण ही बाजू ओळखतो आणि अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवी. कादंबरीत तीच वर्षं दाराच्या आतल्या बाजूनं दिसतात, जिच्या गल्लीत रणगाडे आले त्या मुलीच्या नजरेतनं, आणि तिथं आपल्या गणवेषातली माणसं काय करतात हे वाचणं सोपं नाही. आमच्यातले एक निवृत्त मास्तर, ज्यांचे भाऊ सैन्यात होते, ते त्या दिवशी फार अस्वस्थ झाले. पण पुढच्या महिन्यात आले ते पुस्तक परत मागायला, म्हणाले पूर्ण ऐकायचंय मला. कादंबरी जे करू शकते ते हे. परराष्ट्र धोरणावरच्या लेखानं मास्तर परत आले नसते.

कुणी म्हणेल, इंग्रजीत आहे ना सगळं, हल्ली पोरं इंग्रजी वाचतातच. याला माझ्याकडं एक उत्तर आहे, पाकिस्तानातलं. जनरल झिया उल हक १७ ऑगस्ट १९८८ ला बहावलपूरजवळ विमान अपघातात गेले, त्यावर मोहम्मद हनीफ यांनी 'अ केस ऑफ एक्सप्लोडिंग मँगोज' ही कादंबरी इंग्रजीत लिहिली, लष्कराची पार रेवडी उडवलीय त्यात. २००८ पासनं ती पाकिस्तानात दुकानांत मिळत होती, अकरा वर्षं. २०१९ ला उर्दू अनुवाद आला आणि जानेवारी २०२० मध्ये कराचीत प्रकाशकाच्या ऑफिसात माणसं शिरून उर्दू प्रती उचलून घेऊन गेली. इंग्रजी चालली, उर्दू चालली नाही. रिक्षावाला, कारकून, मदरशातला पोरगा, घरातली आजी वाचू शकेल अशा भाषेत ती आली म्हणूनच ना? लोकांच्या भाषेत आलेल्या पुस्तकाची ताकद त्यांना बरोब्बर कळली, आपल्याला कधी कळणार.

आणि मराठीला हे काही नवीन नाही. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले आणि घराघरांत बायकांनी ते स्वतःचे म्हणून वाचले. भैरप्पा तर मराठीतलेच वाटावेत इतके वाचले गेले, ते उमाताई कुलकर्णींमुळं, त्यांचे यजमान विरूपाक्षराव कन्नड मजकूर वाचून टेप करून ठेवायचे आणि उमाताई ऐकत ऐकत मराठीत लिहायच्या, अशी दोघांनी मिळून किती पुस्तकं आणली. साने गुरुजी तर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य कैद्यांमध्ये राहिले आणि पुढं आंतरभारतीचं स्वप्न बघितलं, तिरुक्कुरळ मराठीत आणलं. इतकी मोठी परंपरा आपली. पण आमच्या वाचनालयातलं अनुवादाचं कपाट उघडलं की शरदबाबू आहेत, भैरप्पा आहेत, 'लज्जा' आहे, आणि मग खालचे तीन कप्पे भरून इंग्रजीतले थ्रिलर आणि यशाचे मंत्र देणारी पुस्तकं. मधली तीस वर्षं कुठं गेली? प्रकाशक काही काही काढतायत, नाही असं नाही, पण काय निघालंय हे आमच्यापर्यंत पोचतच नाही, ग्रंथपालांना विचारलं तर ते म्हणतात यादीत नाव दिसलं तर मागवू, आणि यादीवर नाव येतं ते पेपरात वाचून कुणी मागणी केली तर. म्हणजे फिरून गाडी तुमच्याच दारात येते.

'आधी मराठी तर वाचा' हेही ऐकते मी, आणि ते चुकीचं नाही. पण अनुभव असा आहे की शेजारचं वाचणारा माणूस आपलंही जास्त वाचायला लागतो. मुरुगन यांची 'पूनाची', एका काळ्या शेळीची गोष्ट, आम्ही केली, आणि त्यानंतर लगेच कृष्णात खोत यांचं 'रिंगाण' घेतलं, धरणासाठी उठवलेल्या गावात मागं राहिलेल्या म्हशीला आणायला निघालेला देवाप्पा. दोन्हीकडं जनावर, दोन्हीकडं पाणी नसलेली नाहीतर पाण्याखाली गेलेली जमीन. २०२३ चा साहित्य अकादमी मिळालेलं हे आपलं पुस्तक तोवर गटातल्या निम्म्या लोकांनी हातात घेतलेलं नव्हतं. शेळीनं त्यांना म्हशीपर्यंत नेलं.

आता नेमकं काय हवंय ते. पुस्तकाबद्दल लिहिताना अनुवादकाचं नाव लेखकाच्या शेजारी, तेवढ्याच टायपात छापा, खालच्या चौकटीत पानं आणि किंमत येते आणि अनुवादक गायब असतो असं किती वेळा होतं. इंटरनॅशनल बुकरचे पैसे लेखक आणि अनुवादक दोघांत निम्मे निम्मे वाटले जातात, निदान नाव तरी आपण निम्मं वाटू. मराठीत आलेलं असेल तर प्रकाशक आणि कुठं मिळेल ते लिहा, आलेलं नसेल तर तसंही लिहा, म्हणजे एखाद्या प्रकाशकाच्या डोळ्यांखालनं जाईल. आणि बक्षिसाची वाट बघू नका, बक्षिसांचा काही भरवसा नाही, दक्षिण आशियाचं डीएससी २०१९ नंतर थांबलं, भारतीय कादंबरीला २५ लाख देणारं आणि अनुवादांना आवर्जून जागा देणारं जेसीबी २०२४ नंतर थांबलं. एकट्या लंडनवर अवलंबून राहिलो तर वर्षाला एखादं पुस्तक कळेल.

लिहिणारी माणसं शोधायला पुण्या-मुंबईतच जायला हवं असं नाही. अक्कलकोट, जत, बेळगाव, उदगीर, देगलूर, इथं दोन-दोन तीन-तीन भाषा वाचणारे शिक्षक आहेत, ग्रंथपाल आहेत, बँकेतले लोक आहेत. आमच्या भागातनं तुमच्याकडं सीमाप्रश्नाच्या आणि पाण्याच्या बातम्या नेहमी येतात, त्याच माणसांना विचारा की कन्नडमध्ये, तेलुगूत सध्या काय वाचताय, ते आनंदानं लिहून पाठवतील. परदेशातली मराठी मंडळीही आहेत, त्यांचे शेजारी लाहोरचे, ढाक्याचे, काठमांडूचे असतात, त्यांच्याकडनंही मागवा.

सुरुवात 'हार्ट लॅम्प'नं करा असं मी सुचवेन, उद्घाटनाचा वाद एका वाक्यात उरका आणि बाकी सगळी जागा त्या बारा कथांना द्या. आमच्या गटानं त्यातल्या पाच कथांचा सारांश आणि त्यावर झालेली चर्चा मराठीत टाइप करून ठेवलीय, युनिकोडमध्ये आहे, या पत्रासोबत जोडतेय, वाटेल तसं कापून वापरा, मानधन नको. फक्त दीपा भास्तींचं नाव कापू नका.

आपली,
एक वाचक, सोलापूर